पावती फाडून पाहिलेलं रान

ती : दिवस छान गेला, त्यावर माझा वाद नाही. माझं अडलंय ते तुझ्या एका वाक्यापाशी. डोंगर उतरताना तू म्हणालास, ‘आपल्यासारखी माणसं येत राहतात म्हणून ही रानं टिकून आहेत.’ कशी टिकतात, ते मला नीट सांग. तुंगारेश्वरात सातिवलीच्या बाजूने शिरलो, फाटकावर पावती फाडली, पाचोळा तुडवत वर गेलो. काटेसावरीवर भृंगराज पाहिला. डोक्यावरून सर्पगरुड ओरडत गेला तेव्हा तू टाचा उंचावून, मान मोडेपर्यंत पाहत राहिलास. मग मोबाइलवर यादी भरलीस आणि संध्याकाळी घरी येऊन आपण गरम पाण्याने आंघोळ केली. यात रानाच्या पदरात काय पडलं? ओढ्याकाठचं भेकर आपली चाहूल लागताच भुंकत पळालं. फेब्रुवारीत ओढे आटत आलेले असतात. ते पाण्यावरच आलं असणार. त्याचं पाणी हुकलं आणि तुझ्या यादीत एक नाव वाढलं, एवढाच आजचा व्यवहार मला दिसतो.

तो : यादीला इतकं हसू नकोस. तुंगारेश्वरला अभयारण्याचा दर्जा मिळाला 2003 साली. टापू जेमतेम 85 चौरस किलोमीटरचा. दक्षिणेला चिंचोटी-कामण रस्ता आणि वसई-दिवा रेल्वेलाइन ओलांडली की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा नागला भाग, आणि दुसऱ्या अंगाला तानसा. हा मधला दुवा तुटला तर बोरिवलीचा बिबट्या बोरिवलीतच कोंडला जाईल. नकाशा एवढं सांगतो. पण नकाशात जनावर दिसत नाही. ते कुणीतरी तिथे जाऊन पाहावं लागतं आणि तारीख-वार घालून लिहून ठेवावं लागतं. रानपिंगळ्याचंच घे. 1884 नंतर तो कुणाला खात्रीने सापडलाच नव्हता. संपला, असं धरून चाललेली मंडळीही होती. 1997 मध्ये नंदुरबारकडे शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला, म्हणजे 113 वर्षांनी. आणि 2014 मध्ये तो निघाला कुठे, तर आपल्या तानशात! मुंबईला पाणी पाजणाऱ्या तलावाच्या भोवतीचं रान, तिथे हा सातपुड्यातला समजला जाणारा पक्षी बसलेला. भल्या पहाटे उठून रान तुडवायची खोड असलेली माणसं होती, म्हणून तो कळला. ही खोड नसती तर तो तिथे असूनही कागदावर नसता, आणि जे कागदावर नाही ते सरकारदरबारी नाहीच.

ती : रानपिंगळ्याची गोष्ट तू सोयीपुरती सांगितलीस. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी होता. आपण 1914 साली गुजरातेत हा पक्षी मिळवला, असं त्याने लिहून ठेवलं होतं. पुढे उघडकीला आलं की तो नमुना त्याआधी तीसेक वर्षांपूर्वीचा, दुसऱ्याने गोळा केलेला आणि संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला. ज्यांनी 1997 मध्ये पक्षी शोधला त्यांना आधी ही खोटी नोंद बाजूला सारावी लागली. म्हणजे नोंद करणाऱ्याची हाव नोंदीत उतरते. ती हाव आता संपली असं तुला वाटतं का? आज त्या नाल्यात तो पोरगा काय करत होता, आठव. करंजाच्या बेचक्यात छोटा स्पीकर ठेवून पिंगळ्याचा आवाज लावला होता. पिंगळा आला समजून सुभग, शिंजीर, वटवटे, कोतवाल, सगळे जीव खाऊन ओरडत त्या झाडावर तुटून पडले. शत्रू आहे म्हणून आले रे ते, मैफलीला नाही आले. आणि इकडे कॅमेऱ्यांची फटफट सुरू. पाच मिनिटं पाखरं हवेशी भांडली. तुझ्या यादीतली किती नावं त्या झाडावरची आहेत?

तो : आहेत काही. मी स्पीकर लावला नव्हता, पण पाखरं दिसल्यावर डोळे मिटून घेतले असंही नाही. चांगले पक्षिनिरीक्षक याला मान्यता देत नाहीत. घरट्यांचे फोटो काढू नयेत, विणीच्या काळात आवाज लावू नयेत, हे आता शाळकरी पोरांनाही शिकवतात. एका उपटसुंभावरून सगळ्यांना झोडपू नकोस. उपद्रवच मोजायचा असेल तर तुंगारेश्वराच्या देवळाच्या वाटेवर मोज ना! फरसाणाची पाकिटं, थर्माकोलच्या डिशा, माकडांना केळी चारणारी कुटुंबं. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीच्या मानाने दुर्बीण घेतलेली चार माणसं म्हणजे किस झाड की पत्ती! आणि माथ्यावर परशुराम कुंडाच्या परिसरातल्या आश्रमाची बांधकामं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2019 मध्ये पाडावी लागली, ती काय आम्ही केली होती?

ती : बांधकाम वेगळं आणि वारी वेगळी. बांधकामाला कायद्याने उत्तर दिलं, ते योग्य झालं. पण भाविकाला तू ज्या तोऱ्यात गर्दी म्हणतोस ना, तो मला खटकतो. तुंगारेश्वरला लोक येतात ते अभयारण्याचा फलक लागायच्या कितीतरी आधीपासून. पाटीने त्यांना पाहुणं केलं आणि तुला यजमान! भाविक एका वाटेने येतो, घंटा वाजवतो, नारळ फोडतो, त्याच वाटेने जातो. कचरा करतो, आणि त्याबद्दल त्याला दंड झालाच पाहिजे. पण तो वाट सोडत नाही. वाट सोडतोस तू. ओढ्याच्या पात्रातून, जाळीतून, जिथे जनावर माणसापासून लपायला जातं नेमकं तिथे तुला जायचं असतं. भाविकाचा आवाज मोठा, पण ठरलेल्या जागी. रानाने ती वाट केव्हाच सोडून दिली आहे. तुझा आवाज लहान, पण उरलेल्या जागेत.

(इथे मध्येच बोलल्यावाचून राहवत नाही. आपण निसर्गप्रेमी मंडळी कचरा न करण्याला फार मोठं पुण्य समजतो. तिचा हा मुद्दा वाचकाने सहजी ओलांडून जाऊ नये. त्याने उत्तर दिलं, पण ते या मुद्द्याचं उत्तर नव्हतं.)

तो : बरं, वाट सोडणं चूक, मान्य. पण मग तू मला सांग, माणसाने रानाशी ओळख करून घ्यायची तरी कशी? वसई किल्ल्यातला बिबट्या विसरलीस? 2024 च्या मार्चअखेर तो दिसला आणि एप्रिलमध्ये पिंजऱ्यात अडकेपर्यंत अख्ख्या गावाची झोप उडाली. वसई-भाईंदर रो-रो नुकती सुरू झाली होती, तिच्या संध्याकाळच्या फेऱ्या थांबवल्या. सकाळी किल्ल्यात फिरायला जाणारे घरी बसले. मोबाइलवर कुठला कुठला बिबट्या वसईचा म्हणून फिरत होता. त्या काळात त्याने कुणा माणसाला ओरखडाही काढला नाही, तरी लोक घाबरले. कारण वसईकराला बिबट्या म्हणजे फक्त बातमी. आज कुंडाच्या चढावर वाटेच्या अगदी मधोमध ती विष्ठा पडलेली पाहिलीस? वाळून पांढरट पडलेली, एका टोकाला पीळ आलेला. मी काडीने उकलली तेव्हा आत आखूड तांबूस केसांची गुंडाळी होती, हाडाचे दोन बारीक तुकडे आणि गवताची एक काडी. आधी तू नाकाला पदर लावलास, मग माझ्याहून खाली वाकलीस. त्याच वाटेने आपण गेलो आणि त्याच वाटेने परत आलो. तो आपल्याला कुठूनतरी पाहतही असेल. ज्याने हे एकदा अनुभवलं, तो किल्ल्यात बिबट्या आला म्हणून आरडाओरडा करत सुटणार नाही. ही समज घरात बसून येत नाही.

ती : वाकले, कारण कुतूहल मलाही आहे. तू मला रुक्ष ठरवू नकोस. पण समज रविवारी येते आणि सोमवारी जाते, त्याचं काय? तुंगारेश्वरात बिबट्या दिसला नाही म्हणून हळहळणारे आणि किल्ल्यात दिसला म्हणून पिंजरा मागणारे लोक वेगळे होते असं तुला वाटतं? आपल्याच सोसायटीत दोन्ही कामं करणारे आहेत. माझं माहेर कामणचं. आमच्याकडे भात कापणीला आलं की रात्रभर डबे वाजवत बसावं लागायचं. रानडुकरांचा एक कळप एका रात्रीत वर्षाची मेहनत लोळवून जातो. भरपाई मिळते, पण पंचनामा, सातबारा, साहेबांची सही, हे सगळं करेपर्यंत पुढची पेरणी येते. आमच्या बाजूच्या पाड्यावर वाघोबा आहे. शेंदूर फासलेली लाकडी फळी, तिच्यावर कोरलेला वाघ आणि वर चंद्र-सूर्य. वाघबारशीला त्याला कोंबडं देतात. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर मिळून अशी दीडशेच्या आसपास ठाणी अभ्यासकांनी नोंदवली आहेत. वारली माणूस वाघोबाला ‘किती सुंदर!’ म्हणत नाही. तो म्हणतो, तुझा मान मी ठेवतो, माझ्या गुरांना सांभाळ. त्याच्या बोलण्यात देणं-घेणं आहे, भीती आहे, आणि शेळी गेली तर नुकसान त्याचंच आहे. आपल्या प्रेमात यातलं काहीच नाही. आपण पावती फाडतो आणि पाहतो. बिबट्या जगला काय, गेला काय, आपल्या घरातलं काहीच कमी होत नाही.

तो : वाघोबाचं खरं, पण त्याचं चित्र करून भिंतीवर लावू नकोस. त्या पाड्यावरची पोरं आज सातिवलीच्या कारखान्यांत शिफ्ट करतात. शेळी गेली की तेही वनखात्याच्या दारात जातात, आणि मूल गेलं तर पिंजराच मागतील. मागावाच. देवाचा मान ठेवणं आणि पिंजरा मागणं एकाच माणसात नांदू शकतं, तसंच माझ्यात कौतुक आणि भीती नांदते. तुझ्या म्हणण्याचा अर्थ असा होतो की ज्याला झळ बसते त्यानेच रानाबद्दल बोलावं. मग विरारच्या चौथ्या मजल्यावर वाढलेल्या माझ्यासारख्याने काय करायचं? 2011 च्या जनगणनेला वसई-विरार महापालिकेची वस्ती बारा लाखांवर होती. आज ती किती फुगली आहे ते विरार लोकलमध्ये चढताना कळतंच. यातल्या बहुतेकांना भात नाही, शेळी नाही, वाघोबा नाही. त्यांनी रानाकडे पाठ फिरवली तर रान फक्त दोघांच्या हाती उरेल, बिल्डर आणि सरकारी फाइल. मला शेतकऱ्याइतकी झळ बसत नाही म्हणून माझी आच खोटी ठरत नाही.

ती : खोटी नाही, पण स्वस्त आहे. तिची किंमत मोजायची वेळ आली की काय होतं ते पाहू. बुलेट ट्रेनच्या मार्गाला राष्ट्रीय उद्यानाची आणि तुंगारेश्वरची, दोन्हीकडची वनजमीन लागली. रीतसर मंजुऱ्या मिळाल्या. तुझ्या नोंदी, याद्या, कॅमेऱ्यात सापडलेले बिबटे, सगळं तेव्हा उपलब्ध होतं. 2015 च्या अभ्यासात राष्ट्रीय उद्यान आणि आसपास मिळून 35 बिबटे मोजले होते, हेही छापून आलं होतं. नोंद नव्हती म्हणून जमीन गेली असं झालं नाही. नोंद असून गेली. आणि आपण? अहमदाबादचं तिकीट किती असेल याची चर्चा जेवणाच्या टेबलावर तूच काढली होतीस. म्हणून मी म्हणते, पाहण्याने रान वाचतं हा भ्रम आहे. पाहण्याने आपल्याला बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यातच आपण काहीतरी केल्याचं समाधान उरकून घेतो. पाहिलं नसतं तर निदान ही पळवाट तरी नसती.

तो : तिकिटाची चर्चा मी काढली होती, काढणार. मी गाडीत बसणारच नाही अशी शपथ घेतली तरी खांब उपटले जाणार नाहीत. पण तुझ्या तर्कात एक भोक आहे. नोंदी असून जमीन गेली, म्हणून नोंदी निरुपयोगी? मग खटला हरला म्हणून साक्षीदारच नकोत म्हण. माथ्यावरचं बांधकाम तरी कशाच्या जोरावर पडलं? हे अभयारण्य आहे, अशी कागदावर नोंद होती आणि कुणीतरी ती घेऊन न्यायालयात गेलं. एकीकडे कागद हरला, दुसरीकडे जिंकला. आपल्या वसईतच बघ. 1990 च्या आगेमागे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली ती विहिरी, वाड्या आणि टँकरवाल्यांविरुद्ध. त्यात उतरलेल्यांचं जगणंच पणाला लागलं होतं, तुझ्या कसोटीला ते उतरतील. पण आपल्या वाड्यांचं महत्त्व त्या माणसांना माहीत होतं, कारण ती रोज त्यांच्या नजरेसमोर होती. मी म्हणतो ते एवढंच, की विरारच्या माणसाच्या नजरेसमोर डोंगर रोज नाही. लोकलच्या खिडकीतून जीवदानीचं देऊळ दिसतं, त्यामागे काय आहे ते दिसत नाही. मग त्याने आठवड्यातून एकदा तिथे जायचं नाही तर काय करायचं?

ती : आता तू जरा रुळावर आलास. वाड्यांसाठी लोक उठले ते वाड्या सुंदर होत्या म्हणून नाही उठले. विहिरीचं पाणी जात होतं. तुंगारेश्वराचंही असं काहीतरी आहे का, जे आपल्या नळाशी बांधलेलं आहे? आहे. पेल्हारचं धरण याच डोंगराच्या पायथ्याला आहे. महापालिका तिथलं पाणी आपल्याला देते. सूर्या नदीचं पाणी जास्त, पेल्हारचं थोडं, पण आहे. आज आपण ज्या ओढ्यात पाय सोडून बसलो, तसेच ओढे त्या बाजूला उतरतात. उतार बोडका झाला की गाळ खाली येतो. आता मला सांग, आज दिवसभरात आपण पाण्याबद्दल एक शब्द तरी बोललो? पक्ष्यांबद्दल बोललो, विष्ठेबद्दल बोललो, फोटोच्या उजेडाबद्दल तू अर्धा तास बोललास. तुला रानाची जी आच आहे ती रानातल्या चमत्कारांची आहे. मला तिचं वावडं नाही, पण ती पुरत नाही. भृंगराज गेला तर तुला वाईट वाटेल. पाणी गेलं तर तू मोर्चात येशील.

तो : येईन. आणि तरीही सांगतो, फक्त नळासाठी रान राखायचं ठरलं तर एक दिवस कुणीतरी इंजिनीअर उठून म्हणेल, सूर्येतून आणखी मोठी पाइपलाइन आणू, पेल्हार नको. मग? त्या दिवशी तुझा हिशोब संपतो. भृंगराजाचा संपत नाही, कारण त्याला पर्यायी पाइपलाइन नाही. तू उपयोगावर बोट ठेवतेस, मी ओढीवर. उपयोग लोकांना रस्त्यावर आणतो, हे मी मान्य केलं. पण उपयोग संपल्यावरही जो रस्त्यावर उभा राहतो, तो ओढीपायी राहतो.

ती : असा माणूस मी अजून फार पाहिला नाही. दिसला तर बघू. तोवर माझं म्हणणं असं की तू जा, मीही येते, पण ‘जंगलासाठी’ गेलो असं म्हणायचं नाही. आपण आपल्यासाठी जातो. वाट सोडायची नाही. स्पीकरवाला दिसला तर त्याला तिथल्या तिथे टोकायचं, घरी येऊन शिव्या घालायच्या नाहीत. आणि कामणला भाऊ पंचनाम्यासाठी खेटे घालतो तेव्हा तुझ्या त्या पक्षिमित्रांपैकी कुणीतरी त्याच्याबरोबर वनखात्यात जायचं. अर्ज कसा लिहायचा हे तुम्हाला त्याच्यापेक्षा बरं कळतं.

तो : शेवटचं अवघड आहे. लोक रविवारीच मोकळे असतात आणि कचेरी रविवारी बंद.

ती : बघ, आली का पळवाट?

तो : पळवाट नाही, अडचण सांगतोय. अर्ज मी लिहून देईन, खेट्यांचं माझ्या एकट्याने निभणार नाही. बाकी सगळं मान्य, एक सोडून. ‘आपल्यासाठी जातो’ हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं मला अजून नीट मांडता येत नाही. सध्या एवढंच सांगतो. मार्च लागला की वणव्यांचे दिवस. पाचोळा आज पायाखाली कसा वाजत होता ते तू ऐकलंस. डोंगरावर धूर दिसला तर वनखात्याचा मदत क्रमांक 1926 आहे.

ती : लिहून ठेवते. आणि चिंचोटीच्या बाजूने जायचं तुझ्या मनात असेल तर पावसाळ्याच्या आधीच जाऊ. पावसाळ्यात धबधब्यावर माणसं बुडतात, म्हणून तिथे बंदी घालतात.